अणुवैद्यकातील प्रतिमा आणि वेगाची किंमत

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील रुग्णाला कर्करोगासाठी ‘पेट’ किंवा हृदयासाठी ‘स्पेक्ट’ तपासणी करून घेण्यास सांगितले जाते, तेव्हा त्याची वाट बहुधा पुण्याकडे जाते. शिरूरहून नगर रस्त्याने आणि दौंडहून रेल्वेने, असा एका दिशेचा हा प्रवास ७० ते ८० किलोमीटरांचा असतो. तेथे पोचल्यावर त्याला किरणोत्सर्गी औषधाचे इंजेक्शन दिले जाते, पेटच्या बाबतीत ते औषध पेशींमध्ये मुरण्यासाठी सुमारे तासभर स्वस्थ पडून राहावे लागते, आणि त्यानंतर पंधरा-वीस मिनिटे यंत्राच्या कड्यात झोपावे लागते. यांतला औषध मुरण्याचा काळ शरीर ठरवते, औषधातील किरणोत्सार किती वेगाने ओसरावा हे निसर्ग ठरवतो, आणि या दोन्हींवर माणसाचा इलाज चालत नाही. यंत्राने मोजलेल्या आकड्यांपासून प्रतिमा तयार होण्यास लागणारा वेळ मात्र पूर्णपणे गणिताच्या आणि संगणकाच्या हाती आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांत तो तासांवरून मिनिटांवर आणि काही ठिकाणी सेकंदांवर आला आहे.

हा वेळ कमी होण्याचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. पेट तपासणीत सर्वाधिक वापरले जाणारे एफडीजी, म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ जोडलेली साखर, दर ११० मिनिटांनी निम्मी होते. मुंबईहून निघालेली मात्रा पुण्यात पोचण्यास पावणेचार तास लागले, तर निघतानाच्या किरणोत्साराचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. रुग्ण कड्यात झोपला असताना हलला असेल आणि ते त्याच वेळी पडद्यावर दिसले, तर तेवढाच भाग पुन्हा मोजता येतो. तेच तो परतीच्या गाडीत बसल्यानंतर लक्षात आले, तर नवे इंजेक्शन, नवा खर्च आणि नवा हेलपाटा यांना पर्याय राहत नाही.

अणुवैद्यकातील प्रतिमा ही क्ष-किरणांच्या छायाचित्रापेक्षा मुळातच वेगळी असते. क्ष-किरणांत किरण बाहेरून येतात आणि शरीर त्यांना अडवते. अणुवैद्यकात किरण शरीराच्या आतून बाहेर पडतात, आणि ते नेमके कोठून निघाले हे शोधायचे असते. स्पेक्टमध्ये बहुधा टेक्नेशियम-९९एम हे सहा तासांत निम्मे होणारे द्रव्य वापरतात. त्याचे गॅमा किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर बारीक छिद्रांची शिशाची जाळी असते, आणि विशिष्ट दिशेने येणारेच किरण त्या जाळीतून आत येतात. दर दहा हजारांत साधारण एकच, इतकी ही निवड कठोर असते. पेटमध्ये अशी जाळी लागत नाही. तेथे द्रव्यातून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनशी भिडून दोघेही नष्ट होतात आणि ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे दोन किरण जवळजवळ विरुद्ध दिशांना सुटतात. समोरासमोरच्या दोन संवेदकांनी एकाच क्षणी नोंद केली, की त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर कोठेतरी ती घटना घडली असे समजते. दोन्ही पद्धतींत यंत्राला बिंदू कळत नाही, रेषा कळते. कोणत्या रेषेवर किती घटना घडल्या याची बेरीज तेवढी हाती येते.

बेरजांवरून मूळ आकडे शोधण्याचा हा प्रश्न लहान रूपात मांडता येतो. शिरूर तालुक्यातील एखाद्या शेतात दोन ओळींत दोन-दोन असे कांद्याचे चार वाफे आहेत, आणि वाफानिहाय उत्पन्न कोणी लिहून ठेवलेले नाही अशी कल्पना करावी. पण आडव्या ओळींतून ६ आणि ४ पिशव्या, उभ्या रांगांतून ५ आणि ५ पिशव्या, आणि कर्णांवरच्या वाफ्यांच्या जोड्यांतून ७ आणि ३ पिशव्या निघाल्या, एवढे ठाऊक आहे. खऱ्या शेतात कांदा असा तिरपा कोणी मोजणार नाही, पण फिरता गॅमा कॅमेरा नेमके हेच करतो. उत्तर वरच्या ओळीत ४ आणि २, खालच्या ओळीत १ आणि ३ असे आहे. चार वाफ्यांसाठी ते कागदावर सोडवता येते. स्पेक्टच्या एकाच काप-चित्रात मात्र १२८ गुणिले १२८, म्हणजे १६,३८४ चौकटी असतात, आणि १२० कोनांतून प्रत्येकी १२८ बेरजा घेतल्या तर १५,३६० समीकरणे होतात. कोणत्या चौकटीचा कोणत्या बेरजेत किती वाटा हे सांगणाऱ्या तक्त्यात २५ कोटींहून अधिक नोंदी भरतात, आणि अशी शंभरावर काप-चित्रे मिळून एक तपासणी पूर्ण होते.

या प्रश्नाचे पहिले व्यवहार्य उत्तर एका झटक्यात मिळणारे होते. प्रत्येक बेरीज तिच्या रेषेवर सारखी पसरायची आणि सर्व कोनांतून आलेले असे पट्टे एकमेकांवर रचायचे, ही ‘पश्च-प्रक्षेपणा’ची कल्पना. तिच्यातून येणारे चित्र धूसर असते. तो धूसरपणा आधीच काढून टाकणारी गणिती गाळणी बेरजांना लावली, की चित्र स्वच्छ होते. ही गाळणी सोप्या आणि जलद रूपात मांडण्याचे श्रेय जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांना जाते. त्यांचा शोधनिबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ती गाळणी आजही जगभर ‘राम-लाक’ म्हणून ओळखली जाते. रामचंद्रन यांचे नाव एरवी कोलॅजेन या प्रथिनाच्या तिहेरी मळसूत्राशी जोडले जाते. प्रतिमाशास्त्रातील त्यांचे हे काम आपल्याकडे त्यामानाने अपरिचित राहिले, हे खटकण्यासारखे आहे.

सीटी स्कॅनसाठी ही पद्धत उत्तम ठरली, कारण तेथे किरणांची संख्या विपुल असते. अणुवैद्यकात रुग्णाला द्यायची मात्रा मर्यादित ठेवावी लागत असल्याने मोजण्याच थोड्या असतात, आणि किरणोत्सारी क्षय हा यदृच्छेचा खेळ असल्यामुळे प्रत्येक मोजणीत चढउतार असतो. सरासरी १०० घटना अपेक्षित असतील तर प्रत्यक्षात १० इकडेतिकडे होणे हे स्वाभाविक मानले जाते, म्हणजे दहा टक्क्यांची अनिश्चितता सुरुवातीलाच पदरी पडते. राम-लाक गाळणी या चढउतारांनाही खरी माहिती समजून उठाव देते, आणि चित्रात तारकाकृती रेघा उमटतात. शिवाय शरीराच्या खोल भागातून निघालेले किरण वाटेत शोषले जातात, काही विखुरतात, कॅमेऱ्यापासून दूर असलेला भाग अधिक धूसर दिसतो, आणि यांपैकी कशाचीही दखल या सरळ गणितात नीट घेता येत नाही.

बेल प्रयोगशाळेतील लॅरी शेप आणि यहुदा वार्डी यांनी १९८२ मध्ये वेगळी दिशा दाखवली, आणि १९८४ मध्ये लँग आणि कार्सन यांनी ती आणखी पुढे नेली. चित्र एका झटक्यात काढण्याऐवजी आधी एक अंदाज धरायचा, तो अंदाज खरा असता तर यंत्राने कोणत्या बेरजा मोजल्या असत्या हे काढायचे, प्रत्यक्ष बेरजांशी त्यांचे गुणोत्तर घ्यायचे, आणि प्रत्येक चौकटीतील आकड्याला तिच्यातून जाणाऱ्या सर्व रेषांच्या गुणोत्तरांच्या सरासरीने गुणायचे. असे पुन्हा पुन्हा केले की चित्र त्या मोजण्यांना सर्वाधिक संभाव्य ठरवणाऱ्या चित्राकडे सरकत जाते, हे सिद्ध करता येते. तज्ज्ञ या पद्धतीला ‘एमएलईएम’ या आद्याक्षरांनी ओळखतात, आणि तिच्या एका आवर्तनाला फेरी म्हणतात. शोषण, विखुरणे, धूसरपणा या साऱ्या गोष्टी ‘कोणत्या बेरजा मोजल्या असत्या’ या टप्प्यात हव्या तेवढ्या बारकाईने घालता येतात, हे तिचे खरे बळ आहे.

वाफ्यांच्या उदाहरणात ती चालवून पाहण्यासारखी आहे. सुरुवातीला प्रत्येक वाफ्यात १ पिशवी धरली, तर प्रत्येक रेषेची बेरीज २ येते, आणि खऱ्या बेरजांशी गुणोत्तरे आडव्या ओळींची ३ आणि २, उभ्या रांगांची २.५ आणि २.५, कर्णांची ३.५ आणि १.५ अशी निघतात. डावीकडच्या वरच्या वाफ्यातून ३, २.५ आणि ३.५ या गुणोत्तरांच्या रेषा जातात, म्हणून त्याचा नवा आकडा ३ होतो, बाकीचे २.३३, २ आणि २.६७ होतात. दिशा बरोबर आहे, एकूण बेरीजही १० झाली आहे, पण ४, २, १, ३ या खऱ्या उत्तरापासून चित्र बरेच दूर आहे. दुसऱ्या फेरीनंतर आकडे ३.३६, २.१९, १.७० आणि २.७५ येतात. पद्धत खात्रीची, पण चाल गोगलगायीची.

प्रत्यक्ष तपासणीत ही मंदगती किती महाग पडते, हे साध्या हिशेबाने कळते. वर सांगितलेल्या २५ कोटी नोंदींपैकी सुमारे ९९ टक्के शून्य असतात, कारण एक रेषा काही मोजक्याच चौकटींतून जाते; त्या शून्यांना वगळणे ही वेग वाढवण्याची पहिली आणि सर्वांत जुनी युक्ती आहे. उरलेल्या सुमारे २५ लाख नोंदी प्रत्येक फेरीत दोनदा वापराव्या लागतात, एकदा बेरजा काढताना आणि एकदा दुरुस्ती मागे पसरवताना. १२८ काप-चित्रे आणि ५० फेऱ्या धरल्या तर गुणाकारांची संख्या ३,२०० कोटींवर जाते, आणि सेकंदाला १० लाख गुणाकार करणाऱ्या संगणकाला त्यासाठी जवळजवळ नऊ तास लागतात. ज्या काळात एवढाच वेग रुग्णालयांच्या हाती होता, त्या काळात ही पद्धत शोधनिबंधांत राहिली आणि तपासणी-कक्षात राम-लाकच चालली, यात नवल नाही.

१९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील हडसन आणि लार्किन यांनी सुचवलेली युक्ती इतकी साधी होती, की ती आधी कोणाला सुचली कशी नाही असा प्रश्न पडावा. सगळ्या कोनांतील बेरजा तपासून झाल्यावर एकदाच चित्र दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी कोनांचे लहान गट, म्हणजे उपसंच पाडले आणि प्रत्येक उपसंच पाहून झाल्यावर लगेच चित्र दुरुस्त केले. १२० कोनांचे आठ-आठ कोनांचे पंधरा उपसंच केले, तर तेवढ्याच श्रमात चित्र एकदा सुधारण्याऐवजी पंधरा वेळा सुधारते. या पद्धतीचे नाव ‘ओएसईएम’. तिच्या तीन-चार फेऱ्या आधीच्या पद्धतीच्या पन्नास फेऱ्यांच्या तोडीचे चित्र देतात, आणि वरच्या हिशेबातील नऊ तास त्याच संगणकावर पाऊण तासाच्या आत येतात. यंत्र तेच, मोजण्या त्याच. बदलला तो केवळ दुरुस्तीचा क्रम.

वाफ्यांवर हीच युक्ती लावल्यास फरक डोळ्यांत भरतो. आधी फक्त आडव्या ओळी पाहिल्या तर वरचे दोन वाफे ३-३ आणि खालचे २-२ होतात. मग उभ्या रांगा पाहिल्या तर त्यांच्या बेरजा आधीच ५-५ आलेल्या असल्याने काही बदलत नाही. शेवटी कर्ण पाहिले तर एका कर्णावरील वाफ्यांना १.४ने आणि दुसऱ्यावरील वाफ्यांना ०.६ने गुणावे लागते, आणि आकडे ४.२, १.८, १.२ आणि २.८ होतात. एकाच फेरीत चित्र खऱ्या उत्तराच्या जवळ पोचले. जुनी पद्धत दोन फेऱ्यांनंतरही तेथे पोचली नव्हती. उभ्या रांगांच्या पायरीवर काहीच घडले नाही, हेही बोलके आहे: उपसंचांचा क्रम कोणता, यावर प्रत्येक पायरीचा लाभ ठरतो. म्हणून प्रत्यक्ष यंत्रांत शेजारशेजारचे कोन लागोपाठ न घेता एकमेकांपासून दूरचे घेतले जातात, जेणेकरून प्रत्येक पायरीला नवी माहिती मिळावी.

येथपर्यंतची कथा ऐकून वेग फुकटात मिळाला असे वाटेल, पण तसे नाही. उदाहरणातील सर्व बेरजा एकमेकींशी तंतोतंत जुळणाऱ्या होत्या. खऱ्या मोजण्यांत यदृच्छा असते, म्हणून आडव्या ओळींची बेरीज १० आणि उभ्या रांगांची ११ येऊ शकते. मग आडव्या पायरीनंतर एकूण १० पिशव्या होतात, उभ्या पायरीनंतर ११, पुन्हा आडव्या पायरीनंतर १०, आणि चित्र कोणत्याही एका उत्तरावर स्थिरावत नाही. ते काही मोजक्या चित्रांमध्ये घिरट्या घालत राहते. मूळ एमएलईएम पद्धतीची ‘शेवटी योग्य उत्तराकडे पोचते’ ही गणिती हमी या युक्तीत गमावली जाते. दुसरा धोका अधिक छुपा आहे. सुधारणा गुणाकाराने होत असल्यामुळे एखाद्या उपसंचात एका चौकटीतून जाणाऱ्या सर्वच रेषांवर शून्य घटना नोंदल्या गेल्या, तर ती चौकट शून्य होते, आणि शून्याला पुढे कशानेही गुणले तरी शून्यच. मात्रा कमी, मोजण्या कमी आणि उपसंच मात्र भरपूर, अशा स्थितीत वेगाच्या हव्यासापायी चित्रात कायमची भोके पडू शकतात. त्यामुळे उपसंच किती पाडायचे हा निर्णय यंत्राच्या क्षमतेवर नव्हे, तर मोजण्या किती मिळाल्या आहेत यावर घ्यावा लागतो.

या घिरट्या थांबवण्याचे उपायही निघाले. ब्राउन आणि डी पिएरो यांनी १९९६ मध्ये प्रत्येक फेरीबरोबर दुरुस्तीची पावले लहान करत नेणारी पद्धत मांडली, त्यामुळे चित्र अखेरीस एका जागी स्थिरावते. पुढे याच वळणाच्या पद्धतींत शेजारच्या चौकटींमध्ये विनाकारण मोठा फरक असेल तर त्याला दंड लावण्याची सोय जोडली गेली, आणि गेल्या दशकात अशा पद्धती व्यापारी यंत्रांतही आल्या. अगदी अलीकडे यंत्र-शिक्षणाच्या क्षेत्रातून घेतलेल्या, उपसंच सोडतीने निवडणाऱ्या आणि आधीच्या दुरुस्त्या लक्षात ठेवणाऱ्या पद्धती पेटसाठी वापरून पाहिल्या जात आहेत. त्यांत ओएसईएमचा वेग आणि जुन्या पद्धतीची हमी ही दोन्ही एकत्र साधण्याचा प्रयत्न आहे.

दंडाची गरज का पडावी, याचे कारण समजून घेतले पाहिजे, कारण वेगाच्या चर्चेतील कळीचा मुद्दा तोच आहे. फेऱ्या वाढत जातात तसे चित्र मोजण्यांशी अधिकाधिक जुळत जाते. पण मोजण्यांतच यदृच्छेचे चढउतार असल्याने एका मर्यादेनंतर ते त्या चढउतारांशीही जुळू लागते, आणि यकृतासारखा एकसारखा दिसायला हवा तो अवयव दाणेदार होतो. म्हणून रोजच्या व्यवहारात फेऱ्या मुद्दाम लवकर थांबवल्या जातात, आणि वर थोडी मऊ गाळणी फिरवली जाते. पण शरीराचे सगळे भाग एकाच गतीने तयार होत नाहीत. मोठे, संथ बदलणारे भाग पहिल्या काही दुरुस्त्यांतच जागेवर येतात, तर लहान गाठी आणि ठळक भागांच्या शेजारची बारीक रचना उशिरा उमटते. लवकर थांबल्यास मोठे अवयव गुळगुळीत आणि देखणे दिसतात, आणि पाच-सात मिलिमीटरांच्या गाठीतील किरणोत्सार मात्र प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवला जातो. देखणे चित्र आणि खरे चित्र यांतला हा फरक तपासणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक असतो. यंत्र विकणाऱ्यांच्या पत्रकांत तो क्वचितच सापडतो.

गणिताच्या क्रमाबरोबर गणना करणारी यंत्रेही बदलली. एकाच मोठ्या प्रश्नाचे तुकडे पाडून ते अनेक प्रक्रियकांना वाटून देण्याची कल्पना पुण्याला नवी नाही. येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक याच तत्त्वावर उभा केला. प्रतिमा-पुनर्रचनेला हे तत्त्व फार मानवते, कारण प्रत्येक रेषेची बेरीज दुसरीपासून स्वतंत्रपणे काढता येते. अडचण येते ती परतीच्या टप्प्यावर. दुरुस्ती मागे पसरवताना अनेक रेषा एकाच चौकटीत एकाच वेळी लिहू पाहतात आणि प्रक्रियक एकमेकांची वाट पाहत खोळंबतात. यावर उपाय असा, की जाताना प्रत्येक प्रक्रियकाला एक रेषा द्यायची आणि येताना एक चौकट. म्हणजे तो आपल्या चौकटीची दुरुस्ती स्वतः सगळ्या रेषांकडून गोळा करतो आणि कोणाच्या आड येत नाही. मुळात संगणकीय खेळांसाठी बनलेल्या ग्राफिक्स प्रक्रियकांत हजारो लहान गणनायंत्रे असतात, आणि त्यांच्यावर ही मांडणी चपखल बसते.

स्पेक्टमध्ये आणखी एक सुंदर युक्ती वापरली जाते. प्रत्येक कोनासाठी तिरप्या रेषा चौकटींच्या जाळीतून कोठून कशा जातात हे काढत बसण्याऐवजी संपूर्ण चित्रच त्या कोनात फिरवून घेतले, तर सर्व रेषा जाळीशी समांतर होतात आणि नुसत्या उभ्या रांगांच्या बेरजा उरतात. अंतरानुसार वाढणारा धूसरपणाही मग रांगेगणिक थोडाथोडा वाढवत नेता येतो. काही संगणक-प्रणाली जाताना शोषण आणि धूसरपणा यांचा पूर्ण विचार करतात, पण येताना, दुरुस्ती पसरवताना, तो सोडून देतात. त्यामुळे वेळ जवळजवळ निम्मा वाचतो आणि चित्र बहुधा चांगले येते, तरी पुन्हा एकदा गणिती हमीचा एक कोपरा त्यासाठी मोडला जातो.

पेटच्या बाबतीत संवेदकांनीही वेगाला हातभार लावला. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणून दोन किरण दोन संवेदकांवर किती फरकाने पोचले हे ५०० पिकोसेकंदांच्या अचूकतेने मोजता आले, तर घटना रेषेवरील साधारण साडेसात सेंटिमीटरांच्या पट्ट्यात घडली एवढे कळते. संपूर्ण रेषेऐवजी तिचा एक तुकडाच संशयित राहतो, त्यामुळे चित्र थोड्या फेऱ्यांत तयार होते आणि दाणेदारपणाही कमी राहतो. ही क्षमता असलेली यंत्रे २००६च्या सुमारास बाजारात आली, आणि आजची चांगली यंत्रे सुमारे २०० पिकोसेकंदांपर्यंत, म्हणजे तीन सेंटिमीटरांच्या पट्ट्यापर्यंत पोचली आहेत. अपुऱ्या मोजण्यांवरून पूर्ण चित्र एकदम सांगणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता यात उतरली आहेत. ती सर्वांत वेगवान आहेत, पण ज्या प्रकारची गाठ त्यांनी शिकताना पाहिलेली नाही, ती त्यांनी पुसून टाकली तर ते कळावे कसे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत त्यांना सहायकाच्या जागीच ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

अपुऱ्या मोजण्यांवरून चित्र उभारण्याचा हा प्रश्न केवळ रुग्णालयांचा नाही. शेप आणि वार्डी यांचे सूत्र त्यांच्या दहा वर्षे आधी, १९७२ मध्ये रिचर्डसन यांनी आणि १९७४ मध्ये लुसी यांनी, प्रकाशशास्त्र व खगोलशास्त्रातील धूसर प्रतिमा स्वच्छ करण्यासाठी स्वतंत्रपणे मांडले होते. गणित तेच, चित्र मात्र आकाशाचे. शिरूर लोकसभा मतदारसंघातच येणाऱ्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि त्या सुमारे २५ किलोमीटरांच्या विस्तारात पसरल्या असल्या तरी आकाशाची माहिती तुटकच देतात. त्या तुटक माहितीवरून प्रतिमा काढतानाही अंदाज, तुलना आणि दुरुस्ती यांच्या फेऱ्याच चालवाव्या लागतात, फक्त त्यांचे सूत्र निराळे असते.

महाराष्ट्रात अणुवैद्यकाची सुरुवात परळला झाली. भाभा अणुसंशोधन केंद्राचे किरणोत्सार वैद्यक केंद्र तेथे १९६३ मध्ये स्थापन झाले, आणि देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन व पहिली पेट तपासणी २००२ मध्ये तेथेच सुरू झाली. मधल्या चार दशकांत गॅमा कॅमेरे आले आणि स्पेक्ट आले. पेट येऊन पोचले तोवर ओएसईएमला आठ वर्षे झाली होती. त्यामुळे नऊ तासांच्या पुनर्रचनेचा काळ आपल्याकडच्या पेट-केंद्रांना पाहावाच लागला नाही.

आता प्रश्न असा, की मिळालेला वेग खर्च कशावर झाला. तो सगळा प्रतिमा लवकर देण्यावर खर्च झाला असता, तर रुग्णाची काही मिनिटे वाचली असती, एवढेच. प्रत्यक्षात त्याचा मोठा वाटा गणित अधिक खरे करण्यावर गेला. जाळीमुळे येणारा धूसरपणा गणितात घेण्याइतकी ताकद संगणकात आल्यावर हृदयाच्या स्पेक्ट तपासणीत निम्म्या वेळात मोजणी करूनही निदानयोग्य चित्र मिळू लागले, आणि मोजणीचा वेळ तेवढाच ठेवला तर किरणोत्सर्गी मात्रा कमी करण्याची मोकळीक मिळाली. वयस्कर, सांधे आखडलेल्या, हात डोक्यावर घेऊन वीस मिनिटे पडून राहू न शकणाऱ्या रुग्णाला हा लाभ प्रतिमा दोन मिनिटे आधी मिळण्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. वेगवान पुनर्रचनेचे मोल सेकंदांत मोजण्याची प्रथा म्हणूनच फसवी आहे. तिने रुग्णाच्या अंगावरची मात्रा आणि कड्यातला वेळ किती घटवला, हा खरा निकष असायला हवा.

या साऱ्याचा एक व्यावहारिक परिणाम मात्र रुग्णापर्यंत क्वचितच पोचवला जातो. पेट अहवालात गाठीने किती साखर ओढली हे सांगणारा ‘एसयूव्ही’ हा आकडा असतो, आणि उपचारांनंतरच्या तपासणीत तो घटला की वाढला यावर पुढचे निर्णय अवलंबून असतात. पण लहान गाठीचा हा आकडा किती फेऱ्या चालवल्या, किती उपसंच पाडले, धूसरपणाची दुरुस्ती केली की नाही आणि शेवटी कोणती गाळणी लावली यांवरही बदलतो. गाठ तीच असताना पद्धत बदलली तरी आकडा बदलतो. युरोपीय अणुवैद्यक संघटनेने निरनिराळ्या केंद्रांचे आकडे तुलनेयोग्य व्हावेत म्हणून यंत्रांच्या प्रमाणीकरणाचा स्वतंत्र कार्यक्रम चालवला आहे, तो याच कारणासाठी. शिरूर किंवा दौंडहून उपचारांदरम्यान पुन्हा पेट तपासणीसाठी जाणाऱ्या रुग्णाने म्हणून शक्यतो आधीच्याच केंद्रात जावे. केंद्र बदलावेच लागले तर केवळ छापील अहवाल न नेता आधीच्या तपासणीची सीडी बरोबर न्यावी, आणि दोन्ही प्रतिमा एकाच पद्धतीने तयार केल्या आहेत का, हे तेथील डॉक्टरांना विचारावे.